बेसचं सप्तक प्रीसेटवर लिहा: सिंथ बनवणाऱ्यांना खुले पत्र

सॉफ्टवेअर सिंथेसायझर (संगणकावर वाद्यांचे आवाज निर्माण करणारे प्रोग्रॅम) बनवणाऱ्या कंपन्यांना, आणि त्यांच्यासाठी प्रीसेट, म्हणजे तयार साठवलेले आवाज, घडवणाऱ्या सर्व ध्वनिरचनाकारांना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुमच्यापैकी एका कंपनीला मी एक साधा प्रश्न विचारला होता. तुमच्या एका बेस प्रीसेटचं सप्तक नव्या अपडेटमध्ये खाली का सरकलं, आणि ते सरकल्याची नोंद कुठेच का नाही? दोन दिवसांनी उत्तर आलं. प्रीसेट कोणत्या सप्तकात बोलावा हा ध्वनिरचनाकाराचा कलात्मक निर्णय असतो, तुम्ही कीबोर्डवरचं ऑक्टेव्हचं बटण वापरा, असा त्याचा आशय होता. भाषा सौजन्याची होती. तरी ते उत्तर मला मान्य नाही, आणि ते एकटीने मनात ठेवून गप्प बसणंही जमत नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. कंपनीचं नाव घेत नाही. मी आजवर वापरलेल्या बहुतेक सिंथमध्ये हा दोष कमी-अधिक दिसला आहे, तेव्हा एकीवर बोट ठेवणं अन्यायाचं होईल.

मी सांगलीची. बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवते. लावणी, अभंग, भावगीतं, लग्नातली फर्माइश, जे येईल ते. घरातल्या एका खोलीत छोटा स्टुडिओ आहे, तिथे गाण्यांचे ट्रॅक करते आणि संध्याकाळी मुलांना शिकवते. बेसवादक प्रत्येक कार्यक्रमाला परवडत नाही, त्यामुळे आमच्या संचात बेस माझ्या डाव्या हाताकडे असतो. ढोलकीच्या धुमेखाली जो सूर उभा असतो तो माझा. गायिका त्याच्यावर षड्ज धरते. तो सूर कुठे आहे हे मला पट्टी दाबण्याआधी माहीत असायला हवं.

वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्यांची पेटी खर्ज-नर होती. एक पट्टी दाबली की दोन सूर बोलायचे, एक नराचा आणि दुसरा त्याच्या सप्तकभर खालचा, खर्जाचा. पेटी घ्यायला गेलं की दुकानदार पहिला प्रश्न हाच करतो, खर्ज-नर हवी की नर-नर? इथून जवळच मिरज आहे, तंबोऱ्यांचं गाव. तिथे कुणालाही विचारा, चौथी तार पितळेची आणि ती खर्जाची, मधल्या जोडीच्या बरोबर एक सप्तक खाली. तंबोरा कुणी कितीही कलात्मक घडवला तरी चौथी तार कोणत्या सप्तकात आहे हे गवयाने अंदाजाने शोधायचं, असं कधी होत नाही. मी या वातावरणात वाढले, म्हणून कदाचित मला हे जास्त लागतं.

आता झालं काय ते सांगते. नवरात्रात एका गावी कार्यक्रम होता. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, लॅपटॉपला जोडलेला. मधल्या पट्टीपासून उजवीकडे स्ट्रिंग्ज, डावीकडे बेस. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डची सर्वांत खालची पट्टी बेस गिटारच्या जाड तारेपर्यंत पोहोचत नाही, म्हणून डावा भाग मी माझ्या हाताने बारा सूर, म्हणजे एक सप्तक, खाली लावून ठेवला होता. बेसचा आवाज गोल, मऊ, जवळजवळ शुद्ध साइन लहरीसारखा. वर्षभर तोच वापरत होते. तालीम झाली, त्यानंतर दोन दिवसांनी सिंथचं अपडेट आलं आणि मी ते घेतलं. ते तेव्हा घ्यायला नको होतं, हे मला मान्य आहे. पण अपडेटच्या यादीत प्रीसेटबद्दल एक शब्दही नव्हता.

लावणीचा मुखडा. गायिकेचा षड्ज पांढरी सहा. तिचा आलाप संपला, ढोलकी उचलली, आणि मी बेसचा षड्ज दाबला. तो ५५ हर्ट्झला बोलायला हवा होता. अपडेटमध्ये त्या प्रीसेटचे ऑसिलेटर, म्हणजे मूळ सूर निर्माण करणारे भाग, एक सप्तक खाली गेले होते, त्यामुळे तो २७.५ हर्ट्झला गेला. मोठ्या पियानोची अगदी शेवटची डावी पट्टी असते, तो सूर. साउंडवाल्या दादांनी स्पीकरच्या काळजीने ४० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून ठेवलं होतं, आणि उघड्या मैदानात ते बरोबरच होतं. मैदानभर माझा आवाज शून्य. गायिकेने मागे वळून पाहिलं. मला वाटलं वायर निघाली. वायर तपासण्यात दोन आवर्तनं गेली, ती ढोलकीवाल्या दादांनी एकट्याने ओढून नेली.

मग लक्षात आलं आणि मी ऑक्टेव्हचं बटण दाबलं. तुम्ही उत्तरात सांगितलेलं तेच बटण. ते बटण सगळा कीबोर्ड सरकवतं. डाव्या भागाच्या वरच्या अर्ध्या पट्ट्यांवर स्ट्रिंग्ज आल्या, उजव्या हातातल्या स्ट्रिंग्ज सप्तकभर वर किंचाळायला लागल्या, आणि बेस आला तोही माझा ओळखीचा गोल आवाज नव्हता. तो उघडा, टोकदार झाला होता. तो का झाला ते पुढे सांगते, कारण माझ्या तक्रारीचं मूळ तिथेच आहे.

आधी मोजमापाचं बोलू. मिडी ही इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांशी बोलण्याची सामाईक भाषा, तिचा करार १९८३ साली झाला. त्यात पट्टीला नाव नसतं, क्रमांक असतो, ० ते १२७. ६९ क्रमांकाचा सूर ४४० हर्ट्झ धरला की बाकीचे सगळे आपोआप ठरतात. ६० म्हणजे मधली पांढरी एक, २६१.६ हर्ट्झ. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार २८, म्हणजे ४१.२ हर्ट्झ. तिच्या शेजारची ३३, म्हणजे ५५. पाच तारांच्या बेस गिटारची जादा तार २३, साधारण ३०.९ हर्ट्झ. त्याच्याही खाली गेलं तर सबवूफरशिवाय काही ऐकू येत नाही आणि २० हर्ट्झच्या आसपास माणसाच्या कानाची हद्दच संपते. म्हणजे बेसला राहायला मोठं घर नाही. चुकून एक सप्तक खाली ढकललं की जाड तारेचा सूर २०.६ हर्ट्झवर जातो, जवळजवळ ऐकण्याबाहेर. लीडच्या, म्हणजे मुख्य धून वाजवणाऱ्या, आवाजात सप्तकाची चूक झाली तर लगेच कानाला कळते. बेसमध्ये ती चूक म्हणजे वाद्यच गायब.

१९९१ साली जनरल मिडी आलं. १२८ आवाजांची ठरलेली यादी, त्यात ३३ ते ४० या आठ जागा बेसच्या, शेवटच्या दोन सिंथ बेसच्या. मधली पट्टी ६० हेही त्यात ठरलेलं. मी ऑर्केस्ट्रात आले तेव्हा फ्लॉपीवर मिडी फाइल घेऊन हिंडायचो. दुसऱ्याच्या कीबोर्डवर ती वाजवली की आवाज पत्र्यासारखा वाटायचा, कधी हसूही यायचं, पण बेस आपल्या सप्तकात असायचा. आवाज त्याहून शंभर पटीने सुंदर झाले आणि इतकी साधी खात्री मात्र गेली, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

हे का होतं, याचा मी बराच विचार केला आहे. तुमच्यावर हेतूचा आरोप नाही. टेबलावर मावणारा २५ पट्ट्यांचा कीबोर्ड बहुधा ४८ पासून ७२ पर्यंत असतो. त्याची सर्वांत खालची पट्टी १३०.८ हर्ट्झ, बेससाठी फारच वर. अशा कीबोर्डसमोर बसलेला ध्वनिरचनाकार ऑसिलेटर दोन सप्तकं खाली घेतो, पट्टी दाबतो, छाती भरून येते, आणि तसाच प्रीसेट साठवतो. ८८ पट्ट्यांवर काम करणारा दुसरा काहीच सरकवत नाही. तिसरा एक सप्तक सरकवतो. मग तिघांचे प्रीसेट तुम्ही एकाच यादीत, ‘बेस’ या एकाच शीर्षकाखाली, शेजारी शेजारी ठेवता. त्यांच्यातला चोवीस सुरांचा फरक कुठेही लिहिलेला नसतो.

माझी पहिली तक्रार ही की अशा यादीतून आवाज निवडताच येत नाही. बेसची ओळ पियानो रोलवर, म्हणजे संगणकावर सूर मांडायच्या तक्त्यावर, लिहिलेली असते, ती चालू ठेवून मी एकेक प्रीसेट बदलत जाते. एक घरघरतो, पुढचा गिटारसारखा मधल्या पट्टीत वाजतो, तिसरा ऐकूच येत नाही. कान खालच्या सुरांना कमी संवेदनशील असतो, याचे आलेख फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच मांडले आहेत. त्यामुळे दोन वेगळ्या सप्तकांतल्या आवाजांची तुलना कानाने प्रामाणिकपणे होऊच शकत नाही. मी आवाजाचा पोत निवडते आहे असं मला वाटतं आणि प्रत्यक्षात मी सप्तक निवडत असते. किती चांगले आवाज मी या गोंधळात सोडून दिले असतील, कोण जाणे. ते आवाज घडवणाऱ्यावरही हा अन्यायच आहे.

दुसरी तक्रार सर्वांत महत्त्वाची, आणि ती त्या बटणाबद्दलची आहे. ‘बटण दाबा, सप्तक बदलेल’ हे अर्धंच खरं आहे. बहुतेक सिंथमध्ये फिल्टर, म्हणजे आवाजातले वरचे अंश कापणारा भाग, पट्टीच्या क्रमांकाबरोबर सरकतो. वरची पट्टी दाबली की फिल्टर जास्त उघडतो, म्हणजे वरचे सूर दबत नाहीत. हे चांगलंच आहे. पण आता पाहा. एका प्रीसेटमध्ये ऑसिलेटर जागेवर आहेत आणि मी ३३ वी पट्टी दाबली, सूर आला ५५ हर्ट्झ. दुसऱ्यात ऑसिलेटर दोन सप्तकं खाली आहेत आणि मी ५७ वी दाबली, सूर आला तोच ५५ हर्ट्झ. कानाला सूर एक, पण फिल्टरला क्रमांक कळतो ३३ आणि ५७. फिल्टर पट्टीबरोबर पूर्ण सरकत असेल तर पहिल्यात जो कटऑफ, म्हणजे कापणं सुरू होण्याची जागा, ४०० हर्ट्झला आहे तो दुसऱ्यात १६०० ला जातो. चौपट. नवरात्रात माझा गोल आवाज टोकदार झाला तो यामुळे, बारा पट्ट्यांच्या फरकानेच. पट्टीनुसार लहान-मोठे होणारे एन्व्हलप (आवाजाचा चढ-उतार), पट्टीनुसार वेग बदलणारे एलएफओ (आवाज हलवणाऱ्या संथ लहरी), एफएम (एका लहरीने दुसरी हलवून आवाज घडवणाऱ्या) सिंथमधली पट्टीनुसार आवाज कमी-जास्त करणारी पातळी, सगळ्यांचं असंच. ध्वनिरचनाकाराने एका सप्तकात कान लावून घडवलेला तोल मी बटण दाबून मोडते. म्हणजे ज्या कलात्मक निर्णयाचं नाव तुम्ही घेता, तो तुमच्याच सल्ल्याने मोडतो.

खऱ्या वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या नमुन्यांवर चालणाऱ्या बेस वाद्यांत तर बटण आणखी घोटाळा करतं. तिथे सर्वांत खालच्या काही पट्ट्या सुरांच्या नसतातच. त्या दाबल्या की बोटाने वाजवलेला बेस, प्लेक्ट्रमने (नखीने) मारलेला बेस, तार दाबून मारलेला ठोका, असे प्रकार बदलतात. सप्तक खाली घेतलं की माझी ओळ त्या पट्ट्यांवर जाते. सूर वाजायच्या जागी वाद्याचा स्वभावच दर मात्रेला बदलत राहतो.

लिहून पाठवण्याचा त्रास थोडक्यात सांगते. पुण्यातले एक बेस गिटारवादक अधूनमधून माझ्या ट्रॅकवर खरा बेस वाजवतात. त्यांना मी मिडीवरून काढलेलं नोटेशन पाठवते. बेस गिटारचं नोटेशन मुळातच ऐकू येतं त्याच्या एक सप्तक वर लिहितात, तशी रीतच आहे. त्यात प्रीसेट दोन सप्तकं खाली सरकवलेला असला की कागदावरची ओळ खऱ्या सुरापेक्षा तीन सप्तकं वर दिसते. पाच रेघांच्या डोक्यावर जादा रेघांची चळत उभी राहते. ते दर वेळी फोन करून विचारतात, ताई, हे नक्की कुठलं? आणि मला दर वेळी सिंथ उघडून ऑसिलेटरचे आकडे बघून सांगावं लागतं.

त्यात पट्ट्यांच्या नावांचा घोळ. ६० या एकाच क्रमांकाला यामाहाच्या पद्धतीत सी३ म्हणतात, रोलँडच्या पद्धतीत सी४, एफएल स्टुडिओ या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये सी५. प्रीसेटच्या माहितीत कुणी कधी ‘सी१ ते सी३ मध्ये वाजवा’ असं लिहिलंच, तर तो कोणता सी१? माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाची अशीच समजूत झाली होती की बेस मधल्या पट्टीच्या लगतच असतो, कारण त्याच्या सिंथमध्ये तो तिथेच मस्त वाजायचा. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात त्याने खऱ्या बेसवादकाबरोबर वाजवलं आणि त्याला दोघांच्या पट्ट्या जुळवता येईनात. मुलगा कानाचा पक्का आहे. चूक त्याची नव्हती.

जुनी यंत्रं मी वाजवलेली नाहीत, त्यांची आठवण काढून मला तुम्हाला हिणवायचंही नाही. पण एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. १९७० च्या मिनीमूग सिंथवर प्रत्येक ऑसिलेटरला एक गोल खटका आहे, त्यावर फुटांचे आकडे: ३२, १६, ८, ४, २. ही भाषा चर्चमधल्या पाइप ऑर्गनची. आठ फुटांची नळी म्हणजे जी पट्टी दाबली तोच सूर, सोळा म्हणजे सप्तकभर खाली, बत्तीस म्हणजे दोन सप्तकं खाली. खटका यंत्राच्या तोंडावर आहे. वाजवणारा हात पुढे करण्याआधीच तो वाचू शकतो. तुमच्या सिंथमध्येही ते आकडे असतात, पण ऑसिलेटरच्या पानात असतात, आणि प्रीसेटच्या यादीत फक्त नाव आणि चित्र. मंचावर पान उघडायला वेळ नसतो.

ध्वनिरचनाकारांपैकी काहींना हे वाचून वाटेल की ही बाई आमच्या आवाजाला चौकट घालायला निघाली आहे. तसं नाही, आणि हे मला नीट सांगायचं आहे. बेसच्या आवाजात खाली जादा सप्तक असणं हा दोष नाही. १९८२ च्या रोलँड एसएच-१०१ या सिंथमध्ये मुख्य ऑसिलेटरच्या खाली एक किंवा दोन सप्तकांवर जोड-ऑसिलेटर आहे, आणि त्या आवाजाची जादू त्यातच आहे. वडिलांच्या पेटीतला खर्जही तेच करायचा. तिथे नर जागेवर असतो आणि खर्ज त्याला आधार देतो, त्यामुळे पट्टीचं सप्तक कोणतं याबद्दल मनात शंका राहत नाही. काही आवाजांत तर खुद्द उत्तरच सरळ नसतं, हेही मला ठाऊक आहे. एफएममध्ये वाहक १ आणि त्याला हलवणारा ०.५ या प्रमाणात ठेवला की मधे नवे अंश तयार होतात आणि कान सूर सप्तकभर खाली ऐकतो, जरी कुठल्याही खटक्यावर सप्तक बदललेलं नसलं तरी. छोट्या स्पीकरवर मूळ सूर नसतानाही कान वरच्या अंशांवरून तो ओळखतो. अशा आवाजाचं सप्तक ठरवणं हे कानाचं काम आहे आणि ते घडवणाऱ्यानेच करायचं आहे. घडवणाऱ्याने ठरवावं आणि ठरवलेलं लिहावं, एवढीच माझी विनंती आहे. एखादा आवाज मुद्दाम दोन सप्तकं खालीच हवा असेल तर जरूर ठेवा. मला तो वाजवण्याआधी कळू द्या.

२५ पट्ट्यांवर काम करणाऱ्यांची अडचणही खरी आहे. माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांकडे तेवढाच कीबोर्ड आहे. त्यांनी सिंथ उघडला, बेस निवडला आणि पातळ आवाज आला तर त्यांना वाटेल सिंथच वाईट. पण यावरचा उपाय ऑसिलेटरच्या पोटात लपवायची गरज नाही. सरकवणं पट्टी आणि सिंथ यांच्या मधे ठेवा, म्हणजे ऑसिलेटर, फिल्टर, एन्व्हलप सगळ्यांना एकच क्रमांक कळेल आणि आवाजाचा तोल टिकेल.

तेव्हा माझ्या मागण्या अशा.

बेस या शीर्षकाखालचा प्रत्येक प्रीसेट मुळात खऱ्या पट्टीत असावा. २८ वी पट्टी दाबली की ४१.२ हर्ट्झ, ३३ वी दाबली की ५५. सूर मोजणारं यंत्र लावून एका मिनिटात तपासता येतं. विकण्याआधी ते एक मिनिट द्या.

जो प्रीसेट मुद्दाम या नियमाबाहेर आहे त्याच्या नावाशेजारी, यादीतच, आकडा दिसावा: −१२, −२४, +१२. ऑसिलेटरचं पान उघडायला लावू नका. त्या आकड्यावरून शोधताही आलं पाहिजे.

सप्तक सरकवण्याचा खटका सिंथच्या तोंडावर, वेगळा असावा. प्रीसेट बदलला तरी तो माझ्या जागेवर राहावा यासाठी त्याला कुलूप असावं. काही सिंथमध्ये अशी कुलपं इतर गोष्टींना आहेतच, तेव्हा हे तुम्हाला अवघड नाही.

आधी दिलेल्या प्रीसेटचं सप्तक मागाहून कधीही गुपचूप बदलू नका. चूक सापडली तर दुरुस्त केलेला प्रीसेट नव्या नावाने द्या, जुना जुन्या जागी राहू द्या. आणि अपडेटच्या यादीत प्रीसेटमधला प्रत्येक बदल लिहा. माझ्यासारख्यांची शेकडो गाणी त्या जुन्या आकड्यांवर उभी आहेत, आणि पाच वर्षांनी एखादा ट्रॅक उघडला तर तो तसाच वाजला पाहिजे. हे मी आधीच्या मागणीपेक्षा मोठं मानते, आणि ही दुरुस्ती करताना हाच नियम सर्वांत आधी पाळावा लागेल, नाहीतर दुरुस्तीनेच नवे घोळ होतील.

पट्टीचं नाव दाखवताना शेजारी मिडी क्रमांकही दाखवा. सी३ म्हणा, सी४ म्हणा, शेजारी ६० असलं की भांडण मिटतं.

शेवटची मागणी प्रीसेटचे संच स्वतंत्रपणे विकणाऱ्यांना. तुमच्या संचाबरोबर एक साधं पान द्या, त्यात प्रत्येक बेसचं सप्तक आणि तो कोणत्या पट्टीपासून कोणत्या पट्टीपर्यंत चांगला बोलतो ते लिहा. तंबोरा किंवा पेटी विकणारा तोंडाने सांगतो तेवढंच.

माझ्यापुरतं मी काम सुरू केलं आहे. एक वही केली आहे. माझ्याकडचा प्रत्येक बेस प्रीसेट ३३ व्या पट्टीवर वाजवते, सूर मोजते, आणि नावापुढे लिहिते: जागेवर, एक खाली, दोन खाली, एक वर. फिल्टर पट्टीबरोबर सरकतो की नाही, त्याची दुसरी खूण. रात्री मुलं घरी गेली की थोडे थोडे होतात. आमच्या संचातले दोन वादक आपापल्या लॅपटॉपवर हेच करत आहेत. तुमच्यापैकी ज्या कंपनीला तिच्या सिंथची पानं हवी असतील तिला मी ती विनामोबदला देईन. फक्त त्यातले आकडे तुमच्या यादीत, सगळ्यांना दिसतील असे, छापा.

माघी गणपतीचे कार्यक्रम जवळ आले आहेत. तोवर माझ्या लॅपटॉपवरची सगळी अपडेटं मी थांबवून ठेवली आहेत.

आपली,
एक कीबोर्डवादक, सांगली